चांगुणाबायचे हरवलेले मैल

"आमचा कम्प्युटर सांगतोय, त्या दिवशी तुमची सीट रिकामी होती!"

"अगो बाय!" चांगुणाबाय फोनवर ओरडल्या. "मग खिडकीपाशी बसून मस्कतपर्यंत गेलं कोण? माझं भूत?"

"आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली आणि फोनमध्ये पुन्हा सतार वाजू लागली.

चांगुणाबाय म्हात्रे थळ गावच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावायचं, हे त्यांचं काम. आखातात स्थायिक झालेली मंडळीही घरात लग्न ठरलं की त्यांना विमानानं बोलावून घेत. शुभ्रपंख एअरलाइन्स दर प्रवासाचे मैल त्यांच्या नावावर जमा करी. पुरेसे मैल झाले की एक तिकीट फुकट! आता बहारीनला लेकीचे दिवस भरत आले होते. मस्कतचे मैल मिळाले की तिकीट पदरात पडणार होतं. आणि नेमके तेच गायब!

सतार ऐकून ऐकून कान किटले, तेव्हा चांगुणाबायनी काष्टा कसला आणि मुंबई गाठली. दारावरच्या शिपायाला बाजूला सारून त्या थेट कंपनीच्या मालकापुढे उभ्या राहिल्या.

मालक सरंजामेसाहेब महा हेकेखोर. त्यांनी सगळं ऐकलं आणि मिशीत हसले.

"माझ्या विमानात बसला होतात, हे सिद्ध करा. मैल देतो!"

"पासपोर्टावर मस्कतचा शिक्का आहे."

"तो मस्कतला गेल्याचा. माझ्या विमानानं गेल्याचा कुठंय? बोर्डिंग पास आहे?"

"लग्नाच्या धांदलीत हरवला."

"शेजारी कोण बसलं होतं?"

"एक म्हातारबा. सगळी वाट घोरत होते."

"मग संपलंच!"

चांगुणाबायच्या डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा आला. मग त्यांनी शांतपणे पदर सावरला.

"बरं साहेब, तुमचंच खरं. मी नव्हते विमानात. पण एक सांगा, सामान चढवलं आणि माणूस आलाच नाही, तर काय करता हो?"

"तर सामान खाली उतरवतो!" साहेबांची छाती फुगली. "विमान खोळंबलं तरी बेहत्तर! मालकाशिवाय एक पिशवीसुद्धा माझ्या विमानातून उडालेली नाही. कधीच नाही!"

"वा! मग माझ्या सुक्या बोंबलांच्या डब्याची भरपाई तेवढी द्या. तुमच्या माणसांच्या हाती दिला तेव्हा धड होता. मस्कतला मिळाला तो फुटका!"

सरंजामेसाहेब खुर्चीतून ताडकन उठले.

"ते बोंबील तुमचे? अहो, त्या वासानं विमानात बसवेना! धुऊन धुऊन माणसं थकली! डब्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, चांगुणा म्हात्रे, थळ! मी स्वतः फोटो पाहिलाय!"

"हो ना! माझाच डबा तो. तुमच्याच विमानातला." चांगुणाबायनी मान डोलावली. "तर मग साहेब, माझे बोंबील मस्कतला एकटेच गेले का हो?"

साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं आणि त्यातून जे हसू फुटलं, ते थांबेचना. डोळे पुसत त्यांनी सेक्रेटरीला हाक मारली.

"बाईंचे सगळे मैल जमा करा! आणि बहारीनचं तिकीट माझ्याकडून. पहिल्या वर्गाचं! लेकीला बाळंतविडा माझ्याकडून! फक्त बाई, एक अट..."

"कसली?"

"पुढच्या वेळी बोंबील माझ्या विमानात नको. माझ्या घरी पाठवा!"