रानबोक्याने घेतलेले टायर

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात एक रानबोका राहत असे. त्याच्याकडे एक जीप होती. जंगलातल्या प्राण्यांना घाटापलीकडच्या आठवडी बाजाराला न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, हा त्याचा धंदा. शेजारच्या बिळात एक साळिंदर राही. त्याचीही तशीच जीप होती आणि तोही तेच काम करी. दोघांचेही बरे चालले होते.

एकदा साळिंदराने आपल्या गाडीचे झिजलेले टायर बदलले. बाजारातून परतताना हरणी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय छान चालते हो गाडी आता! वळणावर जराही घसरत नाही." झाले! बोक्याच्या पोटात दुखू लागले. साळिंदराच्या टायरांची नक्षी त्याच्या दारासमोरच्या मातीत उमटलेली असे. कोणी बघत नाही असे पाहून बोका ती पंजाने पुसून टाकी. दुसऱ्या दिवशी नक्षी पुन्हा तिथेच! जेवताना त्याला ती दिसे, झोपतानाही दिसे.

"माझी गाडी कधी कुणाला छान वाटली नाही," तो बायकोजवळ कुरकुरला.

"अहो, आपले टायर चांगले आहेत की," ती म्हणाली. "अजून पावसाळाभर सहज जातील. उगाच कशाला खर्च?"

पण बोक्याने ऐकले नाही. तो गाडी घेऊन तडक तरसाच्या दुकानात गेला. कुठल्या कुठल्या मोडक्या गाड्यांचे टायर गोळा करून तरस ते विकत असे.

"नवे टायर मला परवडायचे नाहीत," बोका म्हणाला. "पण साळिंदराच्या टायरांपेक्षा काळेभोर दिसले पाहिजेत."

तरस खदखदून हसला. "काळेभोर ना? मग हे बघा!" पॉलिश मारून चकचकीत केलेले चार टायर त्याने गडगडत पुढे आणले. "साळिंदराच्या गाडीशेजारी उभी करा तुमची गाडी. त्याचे टायर लाजतील!"

एवढे ऐकल्यावर बोक्याला आणखी काही ऐकायचेच नव्हते. एका टायरला पंजा लागला, तेव्हा तो वाळक्या कातड्यासारखा कडक लागला खरा. पण बोक्याच्या डोळ्यांपुढे साळिंदराचा पडलेला चेहरा होता. आपले चांगले टायर तरसाला देऊन, वर पैसे मोजून, तो ते चकचकीत टायर बसवून घरी आला. साळिंदराच्या दारावरून त्याने मुद्दाम दोनदा गाडी फिरवली.

साळिंदर बाहेर आला. "टायर घेतलेस वाटतं? थांब, बघू तरी," असे म्हणत तो खाली वाकला.

'जळतोय मेला!' बोका मनात म्हणाला आणि धूळ उडवत निघून गेला. कित्येक दिवसांनी त्याला पोटभर जेवण गेले.

बाजाराचा दिवस उजाडला. ऊन रणरणत होते. नव्या दिसणाऱ्या गाडीत बसायला हरणी आपल्या पाडसाला घेऊन आली, म्हातारे कासव आले, मागे गाठोड्यांची रास चढली. बोका खुशीत होता. पण घाटाच्या उतारावर पुढे साळिंदराची गाडी दिसली आणि त्याला राहवेना. "आज त्याला मागे टाकतोच," असे म्हणून त्याने वेग वाढवला.

"अहो, सावकाश!" हरणी ओरडली.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. पुढचा टायर फुटला. गाडी हेलपाटत दरीकडे निघाली. बोक्याने सारा जोर लावला तरी चाक वळेना. अगदी कडेला ऐनाचे एक जाड झाड होते, त्यावर गाडी आदळली आणि थांबली. पाडस बाहेर फेकले गेले. त्याचा पाय मोडला होता.

हरणीचा हंबरडा ऐकून साळिंदर मागे फिरला. त्याने पाडसाला अलगद उचलून आपल्या गाडीत निजवले आणि कासवालाही आत घेतले. बोका नुसता बघत राहिला. त्याच्या तोंडून निघाले, "तुझं बरं आहे बाबा. तुला नवे टायर परवडतात."

"नवे?" साळिंदर चकित झाला. "कुणी सांगितलं तुला? माझेही जुनेच आहेत. तरसाकडचेच."

"तरसाकडचे?" बोक्याने विचारले.

"पण मी अख्खी दुपार त्याच्या दुकानात बसलो होतो," साळिंदर म्हणाला. "कोणत्या वर्षी तयार झाला, ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं, ते वाचलं. आत हात फिरवून ठिगळ आहे का पाहिलं. नक्षीत माझा काटा घालून खोली बघितली. ढीगभर नको म्हटले, तेव्हा कुठे चार धड मिळाले. त्या दिवशी तुझेही बघायलाच वाकलो होतो रे. तू थांबलाच नाहीस."

साळिंदर पाडसाला घेऊन वैद्याकडे गेला. बोका फुटलेल्या टायरापाशी बसला. आता पॉलिश उडाले होते. बगलेवर बारीक भेगांचे जाळे होते आणि आत भलेमोठे ठिगळ. सगळे उघड दिसत होते. ज्या टायरांसाठी तो इतके दिवस जळत होता, ते तर त्याच दुकानातले निघाले.

पाडसाचा पाय हळूहळू सांधला. पण हरणी पुन्हा बोक्याच्या गाडीत बसली नाही. उरलेले तीन टायर काढून टाकून बोक्याने गाडी दगडांवर उभी केली. मग मान खाली घालून तो शेजारच्या बिळापाशी गेला आणि म्हणाला, "टायर बघायला माझ्याबरोबर येशील का?"

"चल," साळिंदर म्हणाला. "पण दुपारभर बसावं लागेल हं."

तात्पर्य : जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही, पण शेजाऱ्यावर डोळा ठेवून खरेदी करणाऱ्याला हातातल्या वस्तूचा दोष दिसत नाही, आणि त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.