उत्तरेच्या अक्षता

“उत्तरेला टाकू नकोस हो. तिकडे आपलं कुणी नाही.” असं सासू थोरल्या सुनेच्या कानात बोलली. धाकटी सून दाराआड आघाड्याची माळ ओवीत होती. नव्या सुनेला कान नसतात, अशी त्या घरची समजूत. तिनं ऐकलं. ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी.

नगर होतं आटपाट. तिथं ही सासू, आवडाबाई, राहत होती. तिला चार लेकरं. थोरला पूर्वेला पेढीवर, धाकटा पश्चिमेला गलबतावर, थोरली लेक दक्षिणेला सासरी. आणि धाकटी मंजुळा? चालून आलेलं स्थळ तिनं परतवलं, “मी शिपाई होणार” म्हणाली, उत्तरेच्या पहाडावर पहाऱ्याला गेली. आवडाबाई वेशीवर जाई, दुसऱ्यांच्या शिपायांना ओवाळी, पेढा भरवी. दुसऱ्यांचे ते शूर, आपली ती हट्टी.

श्रावण आला. शुक्रवारी जिवती पुजली. परगावच्या लेकरांसाठी दिशादिशांना अक्षता टाकायच्या. मग पूर्वेला टाकल्या, पश्चिमेला टाकल्या, दक्षिणेला टाकल्या. उत्तर कोरडी राहिली. सून गप्प बसली. दुसरा शुक्रवार आला, तसंच झालं. सून गप्प बसली.

तिसरा शुक्रवार आला. धाकटी सून अक्षतांना तांदूळ काढायला गेली. डब्यात हात घातला, हाताला कागद लागला. तीन पत्रं, मंजुळेची, तिन्ही न फोडलेली. ती पत्रं घेऊन पूजेत आली, सासूपुढे ठेवली.

सासू म्हणाली, “फोडलं आणि आत भलतंच निघालं तर गं?”

पूजेला जमलेल्या बायका सुनेला म्हणाल्या, “वाच, पोरी.”

पहिल्यात होतं, पोचले. दुसऱ्यात होतं, पायाला फोड आला, बरा झाला. तिसऱ्यात होतं, “आई, शुक्रवारी टोपी काढून घराकडे तोंड करून उभी राहिले. सुभेदार ओरडले, टोपी का काढलीस? म्हटलं, आईच्या अक्षता यायच्यात. मग तेही टोपी काढून उभे राहिले. वरून बर्फाचे कण पडले. म्हटलं, आल्या.”

आवडाबाईनं हातातलं तबक खाली ठेवलं. सून कधी बोलत नसे, ती उभी राहिली. सगळ्यांदेखत म्हणाली,

“आत्याबाई, वन्सं आपल्या पायांनी गेल्या, कुणी धाडल्या नाहीत. म्हणून तर त्यांना आधी ओवाळायचं. त्या तिकडे जागतात, आपण इथं दारं उघडी टाकून पुरण शिजवतो. घ्या मूठ, करा तोंड उत्तरेला. आणि बायांनो, तुम्हीही घ्या. उतू नका, मातू नका, परक्याच्या लेकराला ओवाळताना आपलं विसरू नका. जिवती मंजुळावन्संना राखो, तशी पहाऱ्यावरच्या साऱ्या लेकरांना राखो. साठा बोलांची कहाणी पाचांत सांगितली, मूठभर अक्षतांनी सुफळ झाली, संपूर्ण झाली.”