यात माझं काही नाही

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव विचारलंत तर मला सांगता यायचं नाही. आणि खरं म्हणाल तर या गोष्टीत राजाचं काही कामही नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे भिवराबाई राहायची. बांबूच्या टोपल्या विणायची, सुपं विणायची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. हात कामात आणि कान लोकांच्या बोलण्यात, असा तिचा दिवस जायचा.

तिच्या ओट्यावर माणसं सल्ला विचारायला यायची. सासू-सुनेचं वाजलं, चला भिवराबाईकडे. नवरा रुसून रानात जाऊन बसला, चला भिवराबाईकडे. आजूबाजूच्या गावांतूनही लोक यायचे. तिच्या सल्ल्यात जादूबिदू काही नव्हती. ती नीट ऐकून घ्यायची आणि जे सगळ्यांना दिसत असतं पण कुणी बोलत नाही, ते बोलून टाकायची.

त्या गावात सल्ल्याची एक रीत होती. पूर्वी कधीतरी एकाने शेजाऱ्याला सांगितलं, "तुझ्या विहिरीचं पाणी बाधतं, बुजवून टाक." शेजारी बिचारा भोळा, त्याने बुजवली. मग रोज त्याला सल्ला देणाऱ्याच्याच विहिरीवर घागर घेऊन ताटकळावं लागलं, घागरीमागे दाम मोजावे लागले. गाव खवळलं. तेव्हापासून ठरलं की सल्ला देणाऱ्याने आधी दोन्ही हात जमिनीला टेकवायचे आणि मोठ्याने म्हणायचं, "यात माझं काही नाही." ज्याला हे म्हणता येणार नाही, त्याने निमूट उठायचं आणि विचारणाऱ्याला दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं.

भिवराबाई हे वाक्य दिवसातून दहादा म्हणायची.

एकदा एक तरुण कुंभार आला. आला आणि कितीतरी वेळ नुसता ओट्याचे पोपडे उकरत बसला.

"अरे, बोल की! मिठाची गुळणी धरलीस का?" भिवराबाई म्हणाली. "आणि माझा ओटा उकरू नकोस."

मग हळूहळू कळलं. पलीकडच्या आळीतली विणकराची मुलगी त्याला आवडत होती. दोन वर्षं झाली होती. मुलीला मात्र पत्ता नव्हता.

"तिला सांगितलंस?"

"नाही. ती नाही म्हणाली तर? माझं जरा वेगळं आहे, मावशी."

भिवराबाईने हातातलं सूप खाली आपटलं. "इथे येणाऱ्या प्रत्येकाचं जरा वेगळंच असतं! ऐक. ती नाही म्हणाली तर चार दिवस जेवण जाणार नाही, पाचव्या दिवशी जाईल. पण न बोलता राहिलास तर जन्मभर सलत राहील. बोलायचं ते आजच बोल. उद्या तू असशील, पण ती तिथेच असेल असं तुला कुणी सांगितलंय? ऊठ!"

पोरगा उठला तो मातीच्या हातांनीच थेट विणकराच्या दारात गेला. पुढच्या महिन्यात लग्न झालं. भिवराबाईला पहिल्या पंगतीला बसवलं, आग्रह करकरून वाढलं. तिनेही मानाने जेवून घेतलं. आपला सल्ला बरोबर निघाला की कुणाला बरं वाटत नाही?

आता हैबतीचं सांगतो.

हैबती डोंगरावर राहायचा आणि महिन्यातून दोनदा बैलगाडीतून भिवराबाईला बांबू आणून द्यायचा. त्याची बायको कधीच वारली होती. माणूस धिप्पाड, पण बोलणं मोजून चार शब्दांचं. बांबू उतरवायचा, ओट्याच्या कडेला टेकायचा, भिवराबाईने दिलेलं ताक प्यायचा आणि जायचा. असं सहा वर्षं चाललं होतं.

भिवराबाई गावातल्या प्रत्येक पुरुषाला दादा म्हणायची, भाऊ म्हणायची, नाहीतर बाबा म्हणायची. हैबतीला ती कधी काहीच म्हणाली नाही. "आलात?" एवढंच. पण तो यायच्या दिवशी ताकाला जिरं पडायचं, मीठ दोनदा चाखून बघितलं जायचं आणि बाई सकाळपासून विनाकारण अंगण झाडायची.

शेजारची म्हातारी कोंडाई हे सगळं बघत असायची. एक दिवस ती म्हणालीच, "भिवरे, सांगून टाक की त्याला. आपल्या मुलखात एकट्या पडलेल्या माणसांनी पुन्हा संसार मांडला तर कोण नावं ठेवतंय?"

"काय सांगायचं?" भिवराबाई म्हणाली. पण कानापर्यंत लाल झाली. मग हळूच म्हणाली, "कोंडाई, लोक मला शहाणी समजतात. या वयात मी असलं काही बोलायचं आणि तो नाही म्हणाला, तर कुठल्या तोंडाने ओट्यावर बसू? माझं वेगळं आहे गं."

कोंडाईने कपाळाला हात लावला आणि ती घरात निघून गेली.

तसे प्रयत्न भिवराबाईने केले नाहीत असं नाही. हैबती यायच्या आधी ती वाक्यं जुळवून ठेवायची. तो समोर आला की जीभ टाळ्याला चिकटायची आणि तोंडातून निघायचं, "बांबू या खेपेला जरा ओलाच आहे." बिचारा बांबू खडखडीत वाळलेला असायचा.

एकदा तर हैबती आपणहून म्हणाला, "भिवराबाई, अलीकडे परतीची वाट फार लांब वाटते."

या वाक्याचा अर्थ लहान मुलालाही कळला असता. भिवराबाईच्या काळजात लख्ख झालं. आणि ती काय म्हणाली? म्हणाली, "मग जरा लवकर निघत चला." झालं! तिथेही सल्लाच!

हैबतीने मान डोलावली आणि त्यानंतर तो खरोखरच लवकर निघू लागला.

मग एका दुपारी तो आला, तो बैलगाडीशिवाय. बांबू आणायचा दिवसही नव्हता. नेहमीसारखा ओट्याच्या कडेला न टेकता तो समोर येऊन बसला, सल्ला विचारणारे बसतात तिथे. भिवराबाईने हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"ताक देते," ती म्हणाली.

"नको. आज विचारायला आलोय." त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "वरच्या वाडीत एक बाई आहे. नवरा गेलाय, दोन लहान मुलं आहेत. तिच्या भावाने निरोप धाडलाय, आमच्या वाडीत येऊन बहिणीशी घर मांडाल का म्हणून. बाई चांगली आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. म्हटलं, आधी भिवराबाईंना विचारावं. काय करू?"

हैबती जन्मात एका दमात एवढं बोलला नव्हता. बोलून झाल्यावर तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? हात टेकवायचेच नाहीत. उठायचं. एक शब्दही बोलायची गरज नव्हती. ती नुसती उठली असती तरी गावाची रीत माहीत असलेल्या कुणालाही सगळं समजलं असतं.

हे भिवराबाईलाही कळत होतं. पण समोरून पाण्याला निघालेल्या बाया जात होत्या. त्यांच्यातल्या दोघींना तिनेच धीर देऊन नांदायला पाठवलं होतं. त्या काय म्हणतील? आणि याला खरंच त्या बाईशी घर मांडायचं असेल तर? आपण उठायचं आणि याने नुसतं नवलाने बघायचं? वीस वर्षं या ओट्यावर बसून ती दुसऱ्याची भीती बघत आली होती. आपल्या स्वतःच्या भीतीशी तिची गाठ पहिल्यांदाच पडली.

तिने दोन्ही हात जमिनीला टेकवले. "यात माझं काही नाही," ती म्हणाली.

हैबतीने तिच्या हातांवरची नजर काढून घेतली.

मग तिने सल्ला दिला. माणसाने म्हातारपण एकट्याने काढू नये. बाई चांगली असेल, मुलांना आधार होणार असेल, तर जरूर जावं. "मात्र त्यांना झुलवत ठेवू नका. आजच शब्द पाठवा. आणि एकदा शब्द दिला की मागे बघू नका. नाहीतर त्या बाईची फरपट होईल."

सल्ला चोख होता. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

"बरं," हैबती म्हणाला. त्याने पागोटं डोक्याला गुंडाळलं. "तुमचा सल्ला आजवर चुकलेला नाही." आणि तो गेला.

भिवराबाई सूप विणायला बसली. संध्याकाळपर्यंत तिने ते तीनदा उसवलं. मनाशी म्हणाली, उद्या सकाळी उठून जाते आणि सांगते. सकाळी निघालीही. वेशीपाशी एक बाई भेटली. "बरं झालं भेटलात, सुनेचं जरा विचारायचं होतं." भिवराबाई इतक्या आनंदाने मागे फिरली की त्या बाईलाच नवल वाटलं. त्या सुनेचं गाऱ्हाणं एरवी घटकाभरात मिटलं असतं, ते भिवराबाईने दिवसभर पुरवलं. त्याच्या पुढच्या दिवशी तिचं डोकं दुखलं. खरंच दुखलं की काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोंडाई काठी टेकत आली ती तणतणतच. "त्या कुंभाराच्या पोराला घटकाभरसुद्धा दिला नव्हतास तू! हातसुद्धा धुऊ दिले नव्हतेस! आणि स्वतःला किती दिवस देणार आहेस? मला तुला काही शिकवायचं नाही बाई, तू शहाणी आहेस. पण मी आता इथे बसते आणि तू डोंगर चढ."

भिवराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशीच निघाली. वाट खड्या चढाची होती. सहा वर्षं हा माणूस हीच वाट तुडवत आपल्या दारात येत होता, हे तिच्या त्या दिवशी ध्यानात आलं. धापा टाकत ती त्याच्या झोपडीशी पोचली, तेव्हा हैबती गाडीत सामान भरत होता. दोन भांडी, एक घोंगडी, एक कुऱ्हाड.

"आलात?" तो म्हणाला.

"मला तुमच्याशी बोलायचंय," भिवराबाई म्हणाली. या वेळी तिने वाक्यं जुळवलेली नव्हती. "त्या दिवशी मी खोटं बोलले. गावच्या रितीला साक्ष ठेवून खोटं बोलले. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. तुम्ही यायच्या दिवसाची मी पंधरा दिवस वाट बघते. सहा वर्षं बघतेय. मला तुम्ही हवे आहात."

हैबती खाली बसला.

"मी सल्ला विचारायला आलोच नव्हतो," तो म्हणाला. "मला धड बोलता येत नाही. म्हटलं, तुमच्याने ते वाक्य म्हणवतंय का, एवढंच बघून यावं. तुम्ही म्हणालात. मला वाटलं, आपलंच चुकलं."

"मग आता?"

"त्याच दिवशी शब्द पाठवला. तुम्ही म्हणाला होतात, आजच पाठवा. काल त्यांचा माणूस येऊन गेला. बाईने अंगण सारवलंय म्हणे, आणि मुलं रोज वाटेवर येऊन उभी राहतात." त्याने गाडीतल्या सामानाकडे पाहिलं. "आता काय करू, तुम्हीच सांगा."

उत्तर भिवराबाईला ठाऊक होतं. ते तिनेच दिलं होतं, आणि ते बरोबर होतं. पण त्या दिवशी तिच्याने ते पुन्हा बोलवलं नाही.

"मला विचारू नका," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

हैबती उठला. त्याने गाडी तिथेच उभी ठेवली आणि तिला अर्ध्या उतारापर्यंत सोबत केली. मग तो वर गेला आणि त्याच दुपारी वाडीच्या वाटेला लागला. पुढे त्याचा संसार नीट झाला, असं ऐकलं. बांबू दुसराच कुणी आणू लागला.

भिवराबाई घरी पोचली तेव्हा ओट्यावर पाच-सहा माणसं वाट बघत बसली होती. "आज नाही," ती त्यांना म्हणाली. "आज माझंच दुखतंय." ती आत गेली. लोक एकमेकांकडे बघत राहिले, कारण भिवराबाईला काय सांगावं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कोंडाई तेवढी मागोमाग आत गेली आणि तिच्याजवळ बसून राहिली.

काही दिवसांनी ओटा पुन्हा सुरू झाला. भिवराबाईच्या सल्ल्यात काही बदल झाला नाही. तोच सल्ला, तेच शब्द. फक्त कुणी अडखळलं, आढेवेढे घेतले, तर ती पूर्वीसारखी सूप आपटत नसे. धीर येईपर्यंत थांबत असे.

एकदा एका मुलीने तिला तोंडावरच विचारलं, "मावशी, आज बोल, आज बोल म्हणता. तुम्ही स्वतः कधी कुणाला असं बोललात का?"

"बोलले," भिवराबाई म्हणाली. "तीन दिवस उशिरा बोलले."

मुलगी उठली आणि पळत सुटली.

तात्पर्य: दुसऱ्याला सल्ला द्यायला शहाणपण पुरतं, तोच स्वतः पाळायला हिंमत लागते, आणि ती वेळेवर लागते.