नसलेला पाईप

त्या सकाळीही पिंपरणी नदी जांभळी वाहत होती, जणू रात्रीचं आभाळच तिच्यात विरघळलं होतं.

“कारखान्याचा एकही पाईप नदीत सोडलेला नाही,” असं प्रदूषण खात्याच्या घोरपडेसाहेबांनी हर्षलाला माहिती अधिकारात सहीनिशी कळवलं होतं. तिने ग्रामसभेत पाईपची जागाच सांगितली, तेव्हा साहेबांनी तिला कचेरीत बोलावलं.

“पोरी, पाईपची खबर कोणी फोडली? नाव सांग!”

नाव सांगितलं तर कारखान्यातल्या सलीमकाकांची नोकरी जाणार होती. हर्षला खिडकीतून जांभळ्या पाण्याकडे बघत राहिली.

“सांगते की. फक्त हाच प्रश्न लेखी द्या, साहेब.”

साहेबांनी पेन उचललं. मग आपलीच सही आठवून खाली ठेवलं.

“कसला पाईप? जा घरी!”

“जाते. पाईपच नाही, तर खबर देणारा तरी कुठून असणार?”