साळुंकीची साक्ष

मंडळी, भरवसा कोणावर ठेवावा? आपलं गोड तेवढंच सांगणाऱ्यावर, की कडूही सांगणाऱ्यावर?

फार पूर्वी रानातल्या आठवडी बाजारात भुऱ्या कुत्रा राखणदार होता. पंचांचा नियमच होता, की गस्त सुरू होताच साळुंकीने त्याच्या पाठीवर बसायचं आणि गस्त संपेपर्यंत पाहिलं-ऐकलं ते जसंच्या तसं पंचांना सांगायचं.

एकदा भुऱ्याने कणसं चोरणाऱ्या कोल्ह्याला अडवलं. कोल्हा लंगडत पंचांकडे गेला. "हा मला चावला," म्हणाला. भुऱ्याची राखणदारी जायची वेळ आली.

तो साळुंकीला हळूच म्हणाला, "साळूताई, चावलो नाही ते सांग. पण मी त्याला 'चोराची अवलाद' म्हणालो, तेवढं गाळ."

"दादा, एक गाळलं तर पंच विचारतील, आणखी काय काय गाळलंस?"

साळुंकीने शिवीसकट सगळं सांगितलं. कुंपणावरून उडी मारताना कोल्ह्याचा पाय मुरगळला, तेही सांगितलं. भुऱ्याने मान खाली घातली.

पंचांतली म्हातारी म्हैस हसली. "जी राखणदाराची शिवी लपवत नाही, ती त्याचा चावा कशाला लपवेल? कोल्होबा, चोरलेली कणसं परत करा. भुऱ्या, शिवीबद्दल माफी माग."

भुऱ्याने माफी मागितली. राखणदारी टिकली. संध्याकाळी त्याने आपली अर्धी भाकरी साळुंकीपुढे कुस्करली. "ताई, उपकार झाले. पुढच्या खेपेला तोंड सांभाळीन."

तेव्हा बाबांनो, आपल्या वागण्याचा हिशेब लिहाल तेव्हा खर्चाची बाजू कोरी ठेवू नका, एवढीच विनंती.