येसूचा श्वास

आमच्या चिंचमाळात कुठल्याही घरात शिरा. पांढऱ्या मातीचं जुनं घर असू दे, नाहीतर पवारांच्या पोरानं बांधलेला तो गुलाबी बंगला, दाराच्या चौकटीवर भिंतीत मुठीएवढं छिद्र दिसणारच. त्याला आम्ही 'श्वास' म्हणतो. गवंडी चौकट बसवायला आला की घरची बाई आधी विचारते, "श्वास ठेवलास का?" पवारांनी एसी बसवला तेव्हा मेकॅनिक डोकं धरून बसला. म्हणाला, अहो, सगळी गार हवा इथनं जाणार! पवारीण म्हणाली, जाऊ दे. पण ते बुजवलं नाही.

हा सगळ्या श्वासांचा मूळपुरुष. मूळपुरुष कसला, मूळबाईच म्हणा. हे पेव, आणि हे त्याच्या बाजूचं जमिनीतलं छिद्र. मास्तर, बाई, दोघंही उन्हात उभं राहू नका. मास्तर, ती दगड झालेली गोणी दिसतेय ना, तिच्यावर बसा. ती इथं कशी आली ते मागाहून सांगते. मी हौसाबाई गुरव. देवळाची झाडलोट माझ्याकडे, आणि ही गोष्टही माझ्याकडे. मध्ये बोललेलं मला चालत नाही, आधीच सांगून ठेवते.

पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. या माळाचा मुरूम घट्ट. त्यात खणायचं, आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि वर दगडी झाकण ठेवून मातीनं लिंपायचं. पेवाचं तोंड परातीएवढं असतं, पोट मात्र खोलीएवढं. हे ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

फार पूर्वी, असं सांगतात, इथं सात पेवं होती आणि समोरच्या गढीवर एक ठाणेदार होता. त्याचं नाव विचारू नका. गावानं ते मुद्दाम विसरलंय. सलग दोन वर्षं पाऊस हुकला, तेव्हा हा बाबा शिपाई घेऊन खाली आला आणि सहा पेवं उपसून घेऊन गेला. मग विहिरीवर पहारा बसवला. घरटी दिवसाला एक घागर मिळायची, त्यातच माणसं नि त्यातच गुरं. लोकांनी तेही सोसलं. राहिलं होतं सातवं पेव. त्यात बियाणाची ज्वारी होती. हस्ताचा पाऊस तोंडावर आलेला. ते पेव गेलं असतं तर पेरायला मूठभर दाणा उरला नसता, आणि गाव उठलं असतं.

येसू ही पेवात उतरणारी बाई. अंगानं काटकुळी, म्हणून ते काम तिच्याकडे. बंद पेवातली हवा वाईट असते. आधी दोरीनं दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणसानं उतरायचं नाही. हे तिला सासू भिवरानं शिकवलं होतं. सातव्या पेवाच्या झाकणावर ही येसू जाऊन बसली. उठच म्हणेना.

ठाणेदार हसला, म्हणे. "धान्य माझं, पाणी माझं. आता जगणार कशावर?"

"वाऱ्यावर," येसू म्हणाली. "तो तरी तुझा नाही."

चारचौघांत बोलली, आणि ते त्याला झोंबलं. त्यानं शेजारचं हे रिकामं पेव उघडायला लावलं. म्हणाला, "तीन दिवस यात राहा. जिवंत निघालीस तर बियाणं तुमचं आणि विहीरही तुमची. मेलीस तर दोन्ही माझं." येसूनं दिवा घेतला आणि आपल्या पायांनी उतरली. वर झाकण पडलं, कडा लिंपल्या गेल्या. शिपाई झाकणावर बसले. हुकूम असा की झाकणाला कुणी हात लावायचा नाही आणि चार हातांच्या आत यायचं नाही.

चार हात! अहो, पेवाचं पोट केवढं असतं ते त्या शहाण्याला ठाऊकच नव्हतं.

आत येसूनं पहिलं काम केलं ते दिवा विझवण्याचं. दिवा आणि माणूस एकाच ताटात जेवतात हे तिला कळत होतं. काळोखात ती भिंतीला टेकून बसली. किती भ्याली असेल पोर!

वर भिवरा मुसळ घेऊन आली. मोजून चार हातांवर बसली, उखळाएवढा खळगा केला आणि त्यात कांडायला लागली. मग दुसरी आली, तिसरी आली. मुसळाला खाली लोखंडी कडं असतं, ते मुरमात चावा घेतं. एक दमली की दुसरी धरायची. शिपाई म्हणाला, "दाणा नाही गावात, आणि कांडताय काय?"

"नशीब कांडतोय आमचं," भिवरा म्हणाली. "तुला हवंय का पसाभर?"

मधूनच भिवरा थकल्याचं सोंग करून जमिनीला कान लावायची. खालून येसू खड्यानं टकटक करायची. आवाज येईल तिकडे मुसळ वळायचं. दुपारनंतर टकटक मंदावली, मग थांबली. बायकांचे हात थिजले. तेव्हा भिवरा त्यांच्यावर ओरडली, "रडायचं ते कांडता कांडता रडा!" ऊन उतरता उतरता मुसळ एकदम खाली गेलं. भिवरानं बायकांच्या आडोशानं त्या छिद्राला तोंड लावून हळूच हाक मारली. पहिल्या हाकेला ओ आली नाही. दुसरीलाही नाही. तिसरीला खालून आलं, "आत्याबाई, पाणी."

मग एरंडाची पोकळ नळी आली. घरटी एकेक ओंजळ पाणी त्या नळीतून खाली गेलं. घागर एकच असताना, बरं का. ज्यांच्या घरी चिमूटभर पीठ होतं त्यांनी पातळ आंबील करून ओतली. आणि मुसळं चालूच, कुणाला संशय नको म्हणून. हवा, पाणी, अन्न, वर थोडा उजेड. मास्तर, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात जिवाला लागतं म्हणून जे जे लिहिलंय, ते सगळं या एवढ्याशा वाटेनं गेलं.

तिसऱ्या दिवशी झाकण निघालं आणि येसू वर आली. ठाणेदारानं खाली वाकून पाहिलं, तर आत उजेडाची तिरीप. "कपट!" तो कडाडला. "कुणी पाडलं हे?"

"मी," भिवरा म्हणाली. मागची म्हणाली, "मी." तिच्या मागचीही म्हणाली, "मी." सगळ्या पुढं आल्या.

झाकणावर बसलेल्यांतला एक म्हातारा शिपाई उठला. म्हणाला, "सरकार, झाकणाला कुणी हात लावला नाही. चार हातांच्या आत कुणी आलं नाही. हुकूम तेवढाच होता." त्याला आधीच कळलं होतं की नव्हतं, यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात. माझं विचाराल तर त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कुण्या आईचाच लेक तो.

येसूला उभं राहवत नव्हतं. तरी म्हणाली, "मी वाऱ्यावर जगेन म्हटलं होतं. जगले. तो तुझा असता तर तुला अडवता आला असता."

सगळ्या शिपायांदेखत दिलेला शब्द. ठाणेदाराला विहीर आणि बियाणं सोडावं लागलं. जाता जाता फणकारला, "दिवस मावळेपर्यंत हे बुजवा. नाहीतर पुन्हा येईन आणि बघून घेईन." गावानं ते बुजवलं नाहीच, उलट दिवस मावळायच्या आत घरोघरी चौकटीवर श्वास पाडायला मुसळं चालली. ये म्हणावं, किती बुजवतोस ते बघू! तो आला नाही. हस्त लागला आणि ज्वारी पेरली गेली.

आता ही गोणी. चार वर्षांपूर्वी तालुक्याहून एक साहेब आला. माणूस चांगला, खोटं कशाला बोलू. म्हणाला, आजी, कुणी पडेल, हे बुजवायचा हुकूम आहे. मी म्हटलं, पेवाला कठडा बांधा, खुशाल बांधा. पण ते छिद्र राहील. तो म्हणाला, एवढ्याशा छिद्राचं काय घेऊन बसलात?

मी घरी गेले, माळ्यावरचं मुसळ काढलं. गिरणी आल्यापासून धूळ खात पडलेलं. परत येऊन बघते तर माझ्या आधी पवारीण येऊन बसलेली, सुताराची सून तिच्या शेजारी, आणि देवळापर्यंत बायकांची रांग. आम्ही मोजून चार हातांवर बसलो आणि कांडायला लागलो. साहेब गोंधळला. म्हणाला, अहो, काय कांडताय?

मी काय उत्तर दिलं असेल, ते आता तुम्हीच सांगा.

तो गेला. कठडा झाला, सिमेंटची एक गोणी उरली, ती पावसात भिजून दगड झाली. आजही ती इथंच आहे, मास्तर तिच्यावरच बसलेत. आणि छिद्र आजही उघडं आहे. या बाई, इकडे या, हात धरा त्याच्यावर. लागतोय ना वारा?