सदोबाने बोलावलेले पाहुणे

ज्याने कोणी सदोबाला लहानपणी सांगितलं की, ‘तू डोकं चालवू नकोस, सांगितलं तेवढंच कर,’ त्याच्यावर खटला भरायला हवा. सदोबाचा काही दोष नाही. त्याने आयुष्यभर सांगितलं तेवढंच केलं.

तर एका गावात एक भोळा सदोबा राहायचा. आधी तो दूध डेअरीत कॅन धुवायचा. मग डेअरीच्या माडीवर गावाचा रेडिओ सुरू झाला. रेडिओ चालवायच्या विशाखाताई. ताईंनी सदोबाला वर बोलावलं, खुर्ची दिली, फोन दिला आणि म्हणाल्या, “आजपासून मुलाखतींसाठी नामवंत पाहुणे आणायचं काम तुझं.”

सदोबा खूश झाला. खुर्चीवर बसून काम असतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

पण खाली डेअरीचे चेअरमन दौलतराव टपून बसले होते. त्यांना त्या खोलीत दूध थंड करायची टाकी ठेवायची होती. ते ग्रामसभेत म्हणाले, “तुमचा रेडिओ ऐकतो कोण? एक तरी मोठा माणूस आला का तिथे?”

ताई म्हणाल्या, “येणार. पुढच्या सोमवारी हणमंत पैलवान येणार.” आणि सदोबाला बजावलं, “मोठ्या माणसांना वेळ नसतो. गाडीतून उतरले की एक मिनिट घालवायचं नाही. थेट माईकसमोर बसवायचं.”

सोमवारी गाडी आली. एक माणूस उतरला आणि विचारू लागला, “भाऊ, गाडी कुठे लावू?” सदोबाने त्याचा दंड धरला, माडीवर नेलं आणि माईकसमोर बसवलं. तो पैलवानांचा ड्रायव्हर पोपट. निवेदक नवा होता. त्याने विचारलं, “पैलवानांबद्दल सांगा.” पोपटने सांगितलं. पैलवानांना गाडी लागते. घाट आला की ते पोपटचा हात धरून डोळे मिटतात. कुत्रं दिसलं तर काच वर करायला सांगतात.

पैलवान अजून गाडीतच बसले होते आणि गाडीत रेडिओ चालूच होता. पैलवान स्वतः गाडी चालवत परत गेले.

ताईंनी कपाळावर हात मारला. “अरे सदोबा, कोण आहे ते आधी बघावं ना! ओळखपत्र मागावं, खात्री करावी, मग आत घ्यावं!”

“असं होय,” सदोबा म्हणाला. “आता लक्षात ठेवतो.”

पुढच्या आठवड्यात सिनेमातल्या सौदामिनीबाई आल्या. अख्खं गाव दारात. बायका अशा नटल्या होत्या की मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. सदोबा जिन्यात आडवा उभा राहिला.

“आधार कार्ड?”

“अहो, मी सौदामिनी!”

“ते दिसतंय. कार्ड दाखवा.”

बाई हसल्या. गंमत वाटली त्यांना. त्यांनी पर्समधून कार्ड काढून दिलं. सदोबाने गावाला ऐकू जाईल असं वाचलं, “अनसूया विठोबा ढमाले. जन्मसाल एकोणीसशे चौसष्ट.”

बाईंचं हसू मावळलं. मागून ढमढेरे गुरुजी म्हणाले, “म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या वर्गातली की!”

“या नावाच्या पाहुण्या आज नाहीत,” सदोबा म्हणाला. “तुम्ही बाजूला व्हा, सौदामिनीबाई यायच्यात.”

बाई बाजूला झाल्या. थेट मुंबईपर्यंत.

ताईंना रडावं की हसावं कळेना. “अरे बाबा, मोठ्या माणसाला काही विचारायचं नसतं! हात जोडायचे आणि ते म्हणतील त्याला ‘हो’ म्हणायचं. बस्स!”

“असं होय,” सदोबा म्हणाला. “आता लक्षात ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी ताई तालुक्याला गेल्या. माडीवर दौलतराव चेअरमन चार गडी घेऊन आले. गावात त्यांच्याहून मोठा माणूस कुठला? सदोबाने हात जोडले.

“काय सदोबा, खोली रिकामी करायची ना?”

“हो.”

“हे टेबल खाली नेऊ?”

“हो.”

“तू एक बाजू धरतोस?”

“हो.”

ताई परत आल्या तेव्हा माईक अंगणात होता आणि त्याच्यावर कोंबडी बसली होती.

ताई तशाच सरपंचांकडे गेल्या, भांडल्या. शेवटी ठरलं की सामान परत माडीवर न्यायचं आणि रविवारी पाच वाजता रेडिओचा वर्धापनदिन. चावडीवर भोंगा लावायचा, ग्रामसभा तिथेच बसेल. कार्यक्रम गावाला आवडला तर खोली रेडिओची. नाहीतर टाकीची.

ताईंनी निलांबरीबाईंना गळ घातली. एवढी मोठी गायिका, पण गावाचा रेडिओ वाचवायचा म्हणून एका शब्दावर तयार झाल्या. ताईंनी सदोबाला समोर उभं केलं.

“नीट ऐक. मला विचारल्याशिवाय या खोलीतलं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. अगदी काहीही! चेअरमन येवोत नाहीतर चेअरमनांचे आजोबा येवोत. दाराला आतून कुलूप. आणि मी मुलाखत घेताना मध्ये बोलायचं नाही. पाच वाजले की ते लाल बटण दाबायचं, म्हणजे आवाज मनोऱ्यावरून गावभर जाईल. कळलं?”

“कळलं,” सदोबा म्हणाला. आणि खरंच, या वेळी त्याने खूप विचार केला.

रविवारी निलांबरीबाई तबलजींना घेऊन काचेच्या आवाजबंद खोलीत बसल्या. ताई समोर. काचेबाहेर सदोबा, कमरेला किल्ली. पाच वाजले. बाई अशा गायल्या की ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने ओवीतून शिकवलेला पहिला सूर, पहिल्या मैफलीची फजिती, सगळं त्या मोकळेपणाने बोलल्या. कुठेच बोलल्या नव्हत्या एवढं.

सव्वापाचला दार वाजलं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, “सदोबा, अरे, चावडीवर काहीच ऐकू येत नाहीये!”

“बरोबर आहे,” सदोबा म्हणाला.

साडेपाचला सरपंचांनी दार वाजवलं. पावणेसहाला चेअरमनांनी. सदोबाने कुलूप उघडलं नाही. या वेळी तो फसणार नव्हता.

सहा वाजता ताई आनंदाने फुलून काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. “सदोबा! झाला ना कार्यक्रम? गाव काय म्हणतंय?”

“गाव ओरडत होतं ताई. पण मी हललो नाही.” सदोबाने छाती पुढे काढली. “तुम्ही म्हणालात काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि ते लाल बटण तर आवाजच बाहेर पाठवतं! बरं, तुम्हाला विचारावं तर मध्ये बोलायचं नाही. मग मी बटणाला हातच लावला नाही. ताई, एक सूरसुद्धा खोलीबाहेर गेला नाही.”

ताईंनी त्याच्या कमरेची किल्ली ओढली आणि दार उघडलं. उघड्या दारातून चेअरमन मोजपट्टी घेऊन आत आले आणि भिंतीची लांबी घेऊ लागले.

निलांबरीबाईंचे तबलजी जानूभाऊ डग्ग्याला गवसणी घालत होते. ते म्हणाले, “ताई, हा गडी आम्हाला द्या. आमची नवी गाणी प्रकाशनाआधीच गावोगावच्या मोबाइलवर वाजतात.”